लांबट वर्तुळं

सरांच्या क्लासचे पेपर मी नऊ वर्षं टाईप केले. लातूरला त्यांच्या घराच्या माडीवर एक खोली होती. खाली घर, मधल्या हॉलमध्ये क्लास आणि वर मी व कॉम्प्युटर. अकरावी-बारावीचं गणित. दर रविवारी परीक्षा असायची, म्हणून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पेपर झेरॉक्सला जायला लागायचा. मी टाईप करायची आणि सर शेजारी खुर्ची ओढून पडद्यावरच वाचून चुका काढायचे. कागदावर प्रूफ काढलं की चूक कागदावर राहते आणि मशिनमध्येही राहते, असं त्यांचं म्हणणं. पेपरमागे चार-पाच चुका निघायच्याच. कधी वजाचं चिन्ह सुटलेलं, कधी घातांक खाली उतरलेला. सर चिडायचे नाहीत. बोट पडद्यावर ठेवायचे, एवढंच.

त्यांची माझी ओळख भूकंपातली. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमचं गाव औशाच्या पुढं, तेरणेच्या अंगाला. आई आणि धाकटी बहीण त्यात गेल्या, वडील आणि मी राहिलो. त्याआधी वर्षभर जमीन अधूनमधून हलायची, पोटातून गडगड आवाज यायचा. लोक बाहेर झोपायचे, मग काही दिवसांनी कंटाळून आत जायचे. वडील म्हणायचे, "काही होत न्हाई." आमच्यासारखं गावातल्या पुष्कळ घरांत तेच वाक्य बोललं गेलं असणार. पण मी ते वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, म्हणून माझ्यापुरतं ते त्यांचंच राहिलं.

नंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. सर तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात शिकवायचे आणि रविवारी एसटीनं आमच्याकडं यायचे. मुलं छपराखाली बसायला तयार नव्हती, मग ते उघड्यावर बसवायचे. एका पत्र्याला काळा रंग देऊन फळा केला होता. तिथं मी पहिल्यांदा गणितात लक्ष घातलं. दुसरं काही आठवायला नको म्हणून असेल. पुढं मी आत्याकडं लातूरला आले, बारावी झाले, मार्क बेताचेच पडले. सरांनी तोवर नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढला होता. टायपिंगची परीक्षा पास झाल्याचं त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "मग उद्यापासून ये."

त्या नऊ वर्षांत लातूर आमच्या डोळ्यांदेखत बदललं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले. गल्लीगल्लीत मेस निघाल्या, घरावर मजले चढले, मजल्यावर खोल्या निघाल्या आणि प्रत्येक खोलीत तीन-तीन पोरं. देवणी, बिलोली, अर्धापूर, कुठूनकुठून आई-बाप पोरांना घेऊन यायचे, सोबत गादीची वळकटी आणि पाण्याची बाटली. मोठमोठ्या क्लासांच्या इमारती उभ्या राहिल्या. सरांकडची गर्दी कमी होत गेली. त्यांनी बोर्ड लावला नाही, की पोरांचे फोटो छापले नाहीत. तरी जी मुलं टिकली ती पेपरांमुळं टिकली. सरांच्या पेपरात चूक नसते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या क्लासची पोरंसुद्धा आमचे पेपर झेरॉक्स करून न्यायची.

सरांना शुगर होती, बरीच वर्षं. नवव्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या लक्षात आलं की त्यांची खुर्ची पडद्याच्या जवळ जवळ सरकायला लागलीय. पुढं तर त्यांचं नाक काचेला लागेल की काय असं वाटायचं. आमचा मॉनिटर जुना, पाठीला मोठं पोट असलेला डब्बा होता. एक दिवस सर म्हणाले, "हा डब्बा आता गेलाय. मोठा घेऊ एखादा, सपाट, रुंद. मग लांबून बसून वाचता येईल." काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्याच आठवड्यात सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरची शनिवारची वेळ घेतली होती. डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर होते, त्यांची वेळ लवकर मिळत नव्हती.

मॉनिटर मंगळवारी आला. दसरा नुकताच झाला होता. दुकानदारानं स्वतः आणून जोडला, निळ्या टोकाची जुनीच वायर लावली, चालू झालेला बघितला आणि गेला. चांगला बावीस इंची, रुंद, चकचकीत. पण त्यावर सगळंच जाड दिसत होतं. अक्षरं बसकी, कडा धुरकट. मला वाटलं, नव्याला डोळे सरावायला वेळ लागत असेल. आठवड्याचा पेपर वर्तुळाच्या प्रकरणावर होता, तो उघडून मी बाजूला झाले. सर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात विचारलं,

"हे वर्तुळ तुला कसं दिसायलंय?"

मी म्हणाले, "अंड्यासारखं, सर."

"खरं सांगायलीस?"

"हाव, सर. आडवं ओढल्यासारखं झालंय. सगळीच तशी झालीत."

सर एकदम हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. जिन्यात जाऊन त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत वर आल्या.

"अगं, हिला पण तसंच दिसायलंय! डोळ्याचं काही न्हाई, मशिनचं हाय. मी उगीच घाबरून राहिलो होतो."

"काय तसंच दिसायलंय?" काकूंनी विचारलं.

तेव्हा सरांनी सांगितलं. पोळ्यापासून त्यांना सरळ रेषा मध्येच वाकलेल्या दिसत होत्या. जुन्या मॉनिटरवर आलेखाचे अक्ष वाकायचे. त्यांना वाटलं मॉनिटर जुना झालाय, म्हणून तर नवा आणला. नव्यावरही वर्तुळ लांबट दिसलं तेव्हा डोळेच गेले असं त्यांना वाटलं होतं. आता मला पण दिसतंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

मी उभी होते. जुन्या मॉनिटरवर मला एकदाही रेषा वाकलेली दिसली नव्हती. रोज दहा-दहा तास मी त्याच्यासमोर बसत होते. हे माझ्या मनात तेव्हाच आलं, नंतर सुचलेलं नाही. पण सर इतके खूश होते.

काकूंनी विचारलं, "मग शनिवारचं कसं करायचं?"

"राहू दे शनिवारचं. रविवारी परीक्षा हाय."

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हणाले, "काही नाही काकू, मॉनिटरचंच आहे."

सोलापूरची वेळ रद्द झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. त्यानं बघितलं आणि त्याला लगेच कळलं. आमच्या कॉम्प्युटरच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारी पट्टी, फार जुनी होती. ती बनली तेव्हा रुंद मॉनिटर नव्हतेच. ती आपली जुन्या मापाचं चौकोनी चित्र पाठवायची आणि नवा मॉनिटर ते दोन्ही बाजूंनी ओढून आपल्या रुंदीत बसवायचा. त्यानं मॉनिटरच्या बटणांनी काहीतरी बदललं. दोन्ही कडांना काळे पट्टे आले, वर्तुळ गोल झालं, पण चित्र जुन्या डब्ब्याएवढंच उरलं आणि धुरकटपणा तसाच.

"मग मोठा घेतला कशाला?" सर म्हणाले.

"सर, कॉम्प्युटरच बदला. नऊ वर्षं झाली ह्याला."

ते शक्य नव्हतं. आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं होतं. ते चालायला कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटरच्या जागी, एक छोटी डबी लावायला लागायची. नव्या कॉम्प्युटरला तशी जागाच नसते. ज्यांनी ते विकलं त्यांचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. आणि नऊ वर्षांचे सगळे प्रश्न त्याच अक्षरांत होते. नव्यात उघडलं की नुसत्या खुणा आणि आकडे यायचे.

म्हणून कार्डच बदलायचं ठरलं. दुकानदारानं एक नवं कार्ड आणलं, त्याची बैठकच वेगळी निघाली. आठ दिवसांनी औरंगाबादहून दुसरं मागवलं. ते जुन्या बैठकीचं होतं, पण त्याच्या दातांमध्ये जिथं खाच होती तिथं आमच्या मदरबोर्डवर खाच नव्हती. त्यानं जोर लावून बघितला, मीच नको म्हणाले. मग दिवाळी आली. दिवाळीनंतर त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, आता माझ्याच्यानं होत न्हाई. नांदेडला इतवाऱ्यात एक चाचा हायत. जुन्या मालाचे तेच."

या सगळ्यात पाच आठवडे गेले. या पाच आठवड्यांत सरांनी एकदाही डोळ्यांचं नाव काढलं नाही. पेपर अडखळत वाचायचे आणि म्हणायचे, "एकदा कार्ड बसू दे."

कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळून मी सकाळच्या नांदेड गाडीत बसले. सरांना यायचं होतं, पण काकूंनी सोडलं नाही. अहमदपूर, लोहा करत गाडी गेली. रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्याला मी कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून धरायची. शेजारच्या बाईनं विचारलं, "देव हाय का त्याच्यात?"

चाचांचं दुकान अरुंद होतं. बाहेर घड्याळांचं काचेचं कपाट, आत टेबलावर कॉम्प्युटरचे सांगाडे. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी कॅबिनेट उघडलं, धूळ फुंकली, जुनं कार्ड काढलं आणि त्याच्या पितळी दातांवर पेन्सिलचं खोडरबर फिरवलं.

"हे बघ बेटी, ही खाच इकडं हाय. नंतरच्या मालात खाच तिकडं गेली. ताकदीनं बसवला असता तर बोर्ड जळून गेला असता. तुला दोन्ही खाचांचा पायजे. मधल्या काळात दोन-तीन सालच तसा माल निघाला."

त्यांनी पलंगाखालून एक पुठ्ठ्याचं खोकं ओढलं. कार्डं वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. एकेक सोडून बघायला लागले. पहिलं बसलं, पण चित्रच आलं नाही. दुसऱ्याचा पंखा जाम. तिसरं बसलं, चित्र आलं, पण रुंद माप त्यालाही माहीत नव्हतं. चौथ्याला निळ्या तोंडाशेजारी एक पांढरं, रुंद तोंड होतं. चाचांनी पांढरी वायर शोधून काढली, कुण्या गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला रुंद मॉनिटर लावला आणि एका सीडीवरून काहीतरी भरत बसले. मध्येच लाईट गेली, तासाभरानं आली. पुन्हा चालू केलं तेव्हा मापांच्या यादीत अगदी खाली आम्हाला हवं ते माप होतं. त्यांनी ते निवडलं आणि पडदा एकदम स्वच्छ झाला.

"काय बघता याच्यावर? पिक्चर?"

"गणिताचे पेपर. आमच्या सरांना वाचायला त्रास होतो. वर्तुळं लांबट दिसत होती, ती या कार्डामुळंच ना?"

"वर्तुळं कार्डामुळंच. आता गोल दिसतील."

"आणि रेषा? सरळ रेषा मध्येच वाकतात म्हणतात ते."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुला दिसतात वाकलेल्या?"

"नाही."

"सरांना शुगर हाय?"

मी मान हलवली.

चाचांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "माझे मोठे भाई घड्याळसाज होते. बाहेरचं कपाट त्यांचंच. त्यांना बी काटे वाकडे दिसायला लागले. ते म्हणायचे, भिंग खराब हाय. एक भिंग आणलं, दुसरं आणलं, हैदराबादहून मागवलं. भिंगात काय बी खोट नव्हती. सरांना आधी डॉक्टरकडं न्या, बेटी. कार्ड कुठं पळून जात न्हाई."

"भाईंचं पुढं काय झालं?"

"आता घरी बसून असतात," चाचा म्हणाले आणि कॅबिनेटचे स्क्रू आवळायला लागले.

परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं की घरी गेल्या गेल्या सांगायचं. लोह्याला ठरवलं, अहमदपूरला पुन्हा ठरवलं. घरी पोचले तेव्हा सर फाटकात उभे होते. कॅबिनेट त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि माडीवर नेलं. पायरी चुकून गुडघा आपटला, तरी थांबले नाहीत.

जोडलं. वर्तुळ गोल आलं. मी पट्टी काचेला लावून आडवं-उभं मोजून बघितलं, मिलिमीटरचाही फरक नाही. अक्षरं तर छापल्यासारखी. मी म्हणाले, "बघा, सर."

सर बसले. आधी समोरून बघितलं. मग मान थोडी डावीकडं वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"झालं," ते म्हणाले. "एकदम गोल."

"रेषा?"

"सरळ हायत की."

त्यांना सरळ दिसत नव्हत्या, हे मला त्या क्षणी कळलं असं मी म्हणणार नाही. पण कळून घ्यायचं नाही असं मात्र मी ठरवलं. चाचांचं बोलणं मी सांगितलं नाही. काकूंनी खालून विचारलं, "झालं का गं नीट?" मी वरूनच म्हणाले, "झालं."

त्यानंतर सर पेपर भराभर वाचायला लागले. आधी दोन तास लागायचे, आता अर्ध्या तासात "चल, जाऊ दे झेरॉक्सला" म्हणायचे. आणि चुका निघेनाशा झाल्या. चार-पाच निघायच्या तिथं एकही नाही. मी काय समजले? मला वाटलं, नव्या पडद्यामुळं माझंच टायपिंग सुधारलंय. आत्याला मी तसं कौतुकानं सांगितलंसुद्धा. स्वतःचं टाईप केलेलं पुन्हा वाचायची मला सवय नव्हती, ते काम नऊ वर्षं सरांचं होतं.

जानेवारीच्या शेवटी बोर्डाच्या आधीची मोठी सराव परीक्षा झाली. सगळा अभ्यासक्रम, तीन तासांचा पेपर. परीक्षा चालू असतानाच खालून कुजबूज ऐकू यायला लागली. एका गणितात वर्गमुळाचं चिन्ह गेलं होतं, दुसऱ्यात वजाच्या जागी अधिक झालं होतं, आणि भूमितीच्या आकृतीत दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती. हुशार मुलं त्या तीन गणितांत अडकून बसली आणि पुढचं त्यांचं राहून गेलं. काही मुली रडत बाहेर आल्या.

मंगळवारी बिलोलीकडचे एक पालक आले. शाळेत मास्तर होते. पेपर घडी घालून खिशात आणला होता. सरांच्या पाया पडले, मग घडी उघडून समोर धरली.

"सर, तुमच्या पेपरात चूक नसते म्हणून पोरीला इथं ठेवलं. ती दोन दिवस जेवली न्हाई. म्हणते, मलाच येत न्हाई."

सरांनी कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडं वळवला. मान डावीकडं केली, उजवीकडं केली. हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. मग सरांनी माझ्याकडं तोंड केलं.

"कुठंय गं?"

मी जवळ गेले. त्यांचं बोट धरून त्या गणितावर ठेवलं. ज्या बोटानं ते मला नऊ वर्षं चुका दाखवत होते ते गार पडलं होतं. त्यांनी बोटाच्या टोकाकडं बघितलं आणि नाही अशी मान हलवली.

मास्तरांच्या लक्षात आलं. खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "राहू द्या सर. राहू द्या. पोरीला मी सांगतो समजावून." कागद परत न घेताच ते गेले.

सोलापूरला सर, काकू आणि मी गेलो. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलायचे. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, दोन तास बसवून ठेवलं, फोटो काढले. मग रेघारेघांच्या चौकटीचा एक कागद सरांपुढं धरून मध्ये काय दिसतं विचारलं. सर म्हणाले, "मध्ये काही न्हाई. बाजूला जाळं हाय, वाकलेलं."

"रेषा वाकड्या केव्हापासून दिसतात?"

"पोळ्यापासून."

डॉक्टरांनी काकूंकडं बघितलं. "मग तेव्हाच का नाही आणलं? दसऱ्याला जरी आले असते तरी डावा डोळा बराच राखता आला असता. आता आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं येणार नाही."

बाहेर आलो. सर बाकावर बसले, थेंबांमुळं डोळे मिटून. काकू मला चार पावलं बाजूला घेऊन गेल्या. मला वाटलं औषधांच्या चिठ्ठीचं काही विचारतील.

"तू म्हणाली होतीस ना," त्या म्हणाल्या, "काही नाही म्हणून?"

त्या रागावून बोलल्या नाहीत. खरंच आठवत नसल्यासारखं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या परत जाऊन सरांशेजारी बसल्या. घर आल्यावर सर काकूंना म्हणाले, "हिचा काही दोष न्हाई बरं का. मलाच तसं ऐकायचं होतं." त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

लेझर झालं, इंजेक्शनं झाली. बोर्डापर्यंतचे उरलेले दिवस सरांनी तोंडपाठ शिकवलं. गणितं सगळी डोक्यात होती, त्यात एक अक्षर चुकत नव्हतं. पण फळ्यावर कुठं लिहिलंय ते दिसायचं नाही. एका समीकरणावर दुसरं चढायचं, त्याच्यावर तिसरं. मुलं कानानं ऐकून वहीत उतरवायची आणि फळ्याकडं बघायचीच नाहीत. मी जिन्यात बसून ऐकायची. बोर्ड झाल्यावर ती मुलं पेढे घेऊन आली, पाया पडली. जूनमध्ये नवीन प्रवेशाला कोणीच आलं नाही. आले असते तरी सर घेणार नव्हते. हॉलच्या दोन खोल्या काढल्या, माडीवरची तिसरी. तिथं आता डॉक्टर व्हायला आलेल्या मुली राहतात.

मला एका मोठ्या क्लासनं पेपर विभागात घेतलं. मुलाखतीत त्यांनी सरांच्या प्रश्नांबद्दल विचारलं. मी सरांना विचारायला गेले, तर म्हणाले, "दे की, कुणाच्या तरी कामी येतील." मी सगळे प्रश्न छापून नेऊन दिले. तिथल्या मुख्य सरांनी चाळले. म्हणाले, "चांगले आहेत, पण आता आपल्याला चार पर्यायवाले लागतात." तो गठ्ठा बरेच दिवस कपाटावर होता. इमारत बदलली तेव्हा कुठं गेला, मी चौकशी केली नाही.

सुरुवातीला मी दर रविवारी सरांकडं जायची. वर्तमानपत्र वाचून दाखवायची, काकू चहा करायच्या. सर माझ्या नव्या कामाचं विचारायचे. तपासायला किती माणसं आहेत? तीन? मग बरं हाय. काकूही नीट बोलायच्या. पण चहाचा कप त्या माझ्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या. हे माझ्या मनाचे खेळही असतील. मग रविवारी परीक्षा असतात म्हणून पंधरा दिवसांनी जायला लागले, मग महिन्यानं. मागच्या वेळी गेले तेव्हा सरांनी दारातला आवाज ओळखला नाही, "कोण पायजे?" म्हणाले. मी नाव सांगितलं. तेव्हा "अगं ये की" म्हणत उठायला लागले आणि मी त्यांना बसवलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. कामावर जायचा माझा रस्ता त्यांच्या घरावरून जातो. मी पलीकडच्या गल्लीनं जाते.